सर्व्हरच्या लॉगमधे त्याच त्याच वॉर्निंग येतायत? मग या क्रमानं जावा

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांत, म्हणजे एक सर्व्हर, दहा-पंधरा पीसी, दोन प्रिंटर, टॅली आणि कोपऱ्यात लुकलुकणारा स्विच असल्या सेटअपमधे, लॉगची, म्हणजे विंडोज आपल्या घडामोडी जिथं लिहून ठेवतं तिथली, वॉर्निंग दिसली की लोक तीनच गोष्टी करतात. एक तर लॉग क्लिअर करतात. नाहीतर इव्हेंटचा नंबर गुगलला टाकून पहिलं जे येईल ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांत, घालतात. नाहीतर थेट विंडोज परत मारतात, आणि पंधरा दिवसांनी तीच वॉर्निंग परत हजर. कारण खाली कुठंतरी केबल, लाईट नाहीतर नेटवाल्याचा राउटर असतोय आणि आपण वरवर औषध लावत बसतो.

हे सगळं विंडोज सर्व्हर धरून लिहिलंय. तुमचा 'सर्व्हर' म्हणजे साधा विंडोज प्रो पीसी असेल, डोमेन (सगळ्या पीसींचं लॉगिन एकाच सर्व्हरवरनं चालणं) वगैरे नसेल, तरी पहिले सहा टप्पे चालतात, सहाव्यातलं सर्व्हरनं आयपी वाटायचं तेवढं सोडून. फक्त एक लक्षात ठेवा, विंडोज १० आणि ११ प्रोला एका वेळी शेअरिंगची २० कनेक्शनच चालतात, त्यामुळं माणसं वाढली की येणारे काही त्रास हे बिघाडच नसतात, तिथं लायसन्सची मर्यादा आडवी येते. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा तो अजून सर्व्हर म्हणून वापरत असाल तर हा लेख वाचून झाल्यावर पहिलं ते बघा.

## सुरुवातीआधीची तयारी

बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. नुसती फाईल कॉपी झालेली दिसली म्हणजे बॅकअप झाला असं नसतंय. टॅलीची कंपनी रिस्टोर करून शेवटची व्हाउचर एंट्री दिसती का बघायची, मगच पुढं.

लॉगची साईज वाढवा. सिस्टीम लॉगला मुळात २०,४८० केबी म्हणजे २० एमबी जागा असती आणि भरली की जुनं पुसून नवं लिहिलं जातं, त्यामुळं वॉर्निंगचा धुरळा असेल तर मागच्या महिन्याचं काही शिल्लकच राहत नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टीमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथं १,०२,४०० केबी टाका. सिक्युरिटी लॉगची साईज पण तिथल्या तिथं बघून घ्या. सर्ट-इननं (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवावेत असं म्हटलंय, म्हणून महिन्याच्या एक तारखेला लॉग फाईल सेव्ह करून बाजूला ठेवायची सवय लावा.

एक वही घ्या. तारीख, वेळ, काय बदललं, कुणी बदललं. एक्सेल पण चालेल पण ती फाईल त्याच सर्व्हरवर ठेवू नका म्हणजे झालं.

सामान काय लागतंय: केबल टेस्टर, दोन-तीन चांगल्या तयार पॅच कॉर्ड, मल्टीमीटर, एक साधा शंभर वॅटचा बल्ब होल्डरसकट, मार्कर आणि लेबल.

सावध: जीएसटीच्या २० तारखेच्या आधीचे चार दिवस आणि मार्चअखेर यातलं काही हलवू नका. सीएचं ऑफिस असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर पण सोडा. वॉर्निंग मोजणं, बघणं चालतंय, बदल करायचा नाही.

## टप्पा १: आधी मोजा

सिस्टीम लॉगवर 'फिल्टर करंट लॉग' दाबा, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग तिन्हीवर टिक करा. मग 'सेव्ह फिल्टर्ड लॉग फाईल अॅज' करून सीएसव्ही काढा, एक्सेलमधे पिव्होट टेबल लावा: सोर्स, इव्हेंट आयडी आणि संख्या. एवढंच.

बहुतेक ऑफिसांत यादी लांबलचक दिसली तरी तीन-चार आयडीच सगळा गोंधळ घालत असतात. बाकीचं एकटं-दुकटं असतंय, ते आज सोडून द्या.

डिस्ट्रिब्युटेडकॉमचा १००१६ सगळ्यात वर दिसला तर दचकू नका. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की हा दुर्लक्ष करण्यासारखा आहे. त्याच्यापायी रजिस्ट्रीत परमिशन बदलत बसणारे लोक मी बघितलेत, अर्धा दिवस जातो आणि हातात काहीच येत नाही. फिल्टरमधे आयडीच्या रकान्यात वजा चिन्ह लावून -१००१६ टाका, तो यादीतून जातो.

तपासा: यादीत इव्हेंटलॉग सोर्सचा १०४ आहे का? असेल तर कुणीतरी लॉग क्लिअर केलाय, कधी आणि कुणाच्या लॉगिनवरनं ते त्यातच लिहिलेलं असतंय. विचारा त्याला, भांडू नका, पण परत करू नको म्हणून सांगा.

## टप्पा २: मग वेळ वाचा

लोक आयडी वाचतात, वेळ वाचत नाहीत, आणि खरी गोष्ट वेळेतच असती. पिव्होटमधे तास टाका.

सकाळी दहा-साडेदहाला ढीग आणि नंतर शांत, तर सगळे पीसी एकदम चालू होतात त्याच्याशी संबंध, म्हणजे आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता), डीएनएस (नावावरनं तो पत्ता सांगणारी सर्व्हिस), लॉगिन इकडं बघा. बरोब्बर ठरलेल्या अंतरानं येत असेल तर कुठलंतरी शेड्यूल लावलेलं काम किंवा सर्व्हिस आहे. रात्री बॅकअपच्या वेळीच येत असेल तर डिस्क, आणि त्यातही बाहेरची यूएसबी डिस्क. दिवसभर कधीही, काही ताळतंत्र नाही, तर केबल, स्विच, लाईट.

कुपवाड एमआयडीसीत अजून एक बघायला मिळतं, शेजारच्या शेडमधे कॉम्प्रेसर नाहीतर वेल्डिंग चालू झालं की इकडं लिंक पडती. हे लॉग वाचून कधीच कळणार नाही, पण वेळा लिहून काढल्या आणि शेजारी जाऊन चहा घेतला की कळतंय.

## टप्पा ३: डिस्कचं काही असेल तर बाकी सगळं थांबवा

सोर्स डिस्क आणि आयडी ७, ५१, १५३ किंवा ५२, नाहीतर स्टोअरएएचसीआयचा १२९, यातलं काही वारंवार येत असेल तर नेटवर्कचा विचार बाजूला ठेवा. ७ म्हणजे खराब ब्लॉक. १५३ म्हणजे वाचायला-लिहायला गेलं, जमलं नाही, परत प्रयत्न केला. ५२ म्हणजे डिस्क स्वतःच सांगती की मी चालले.

आधी कुठली डिस्क ते बघा. मेसेजमधे हार्डडिस्क० किंवा हार्डडिस्क१ असं असतंय, तोच नंबर डिस्क मॅनेजमेंटमधे दिसतो. हे न बघता आतली चांगली डिस्क बदलणारे खूप आहेत, आणि वॉर्निंग मात्र त्या बाहेरच्या बॅकअप डिस्कची होती जी कुणीतरी 'इजेक्ट' न करता रोज उपटतंय.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा आणि तीन ओळी बघा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे बदलायचे राहिलेले सेक्टर, सी७ म्हणजे सीआरसी एरर. ०५ आणि सी५ चे आकडे आठवड्यात वाढत असतील तर डिस्क बदलायची, त्यात चर्चा नको. फक्त सी७ वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क ठीक असती, साटा केबल ढिली नाहीतर खराब असती, तीच बदलून बघा. रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणारं) कार्ड असेल तर हे आकडे असे दिसणार नाहीत, कार्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधे जावं लागतं.

सावध: बॅकअप हातात नसताना चेकडिस्क दुरुस्तीसकट चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर तो चालवला की उरलीसुरली पण जाती. आधी कॉपी, मग दुरुस्ती.

## टप्पा ४: लाईट आणि यूपीएस

कर्नल-पॉवर ४१ आणि इव्हेंटलॉग ६००८ जोडीनं दिसले म्हणजे सर्व्हर व्यवस्थित बंद न होता उडाला. कुणी नीट बंद केला असेल तर १०७४ असतो. ही तुलना करून वहीत लिहा, कारण 'लाईट गेलीच नव्हती' असं ऑफिसमधे सगळेच छातीठोक सांगतात. तसं पण असू शकतंय: लाईट आहे, यूपीएसची बॅटरी मेलीय, आणि क्षणभर व्होल्टेज पडलं की यूपीएस बॅटरीवर जायला बघतो आणि तिथंच बसतो.

यूपीएस असा तपासा: संध्याकाळी सर्व्हर बंद करून यूपीएसवरनं काढा, त्याजागी शंभर वॅटचा बल्ब लावा, मग यूपीएसचा प्लग भिंतीतनं काढा आणि घड्याळ बघा. मिनिटभरात बल्ब गेला तर बॅटरी बदला. छोट्या यूपीएसच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांच्या पुढं फारशा टिकत नाहीत, आणि बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहून ठेवायला काय पैसे पडत नाहीत. यूपीएसला यूएसबी वायर असेल तर ती सर्व्हरला जोडून बॅटरी उतरली की आपोआप शटडाऊन होईल असं लावा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही. स्विच आणि राउटर मात्र लावायचे.

वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर अर्थिंग बघायला लावा. वळवाच्या पावसात पोर्ट आणि कार्डं जळायचे प्रकार होतात, त्यात कच्च्या अर्थिंगचा हात मोठा असतोय.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवर सर्व्हर असेल तर एकदा कॅबिनेट उघडून बघाच. सिझनला पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर बसलेला असतोय, हाताला चिकटतो, पंखा फिरतो पण हवा ढकलत नाही. मशीन तापून बंद पडलं तरी लॉगमधे तोच ४१ दिसतो. ब्लोअरनं साफ करताना पंखा बोटानं धरून ठेवा.

आणि सर्व्हर तळमजल्यावर जमिनीला टेकून असेल तर २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर आठवा आणि वरच्या मजल्यावर न्या. याला कुठलाही इव्हेंट आयडी नाही.

## टप्पा ५: केबल, स्विच, कार्ड

इंटेल कार्ड असेल तर २७ नंबरची वॉर्निंग येती: नेटवर्क लिंक तुटली. दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर नंबर वेगळा पण मजकूर तसाच.

आधी कार्डच्या प्रॉपर्टीजमधे पॉवर मॅनेजमेंटला जाऊन 'वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू दे' ची टिक काढा, आणि अॅडव्हान्स्डमधे एनर्जी एफिशियंट इथरनेट बंद करा. याला दोन मिनिटं लागतात, म्हणून हे पहिलं.

मग स्पीड बघा. इथरनेट स्टेटसमधे १ जीबीपीएसच्या जागी १०० एमबीपीएस दिसत असेल आणि स्विच गिगाबिटचा असेल तर केबलच्या आठातली एखादी तार गेलीय. १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६, गिगाबिटला आठही लागतात, त्यामुळं केबल अर्धी मेली तरी नेट चालू राहतं आणि कुणाला संशय येत नाही.

क्रिम्पिंग करताना दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. नुसतं 'दोन्हीकडं सारखं केलंय' म्हणून मनाला येईल तो क्रम लावला तर टेस्टर हिरवा दाखवतो पण जोड्या फुटलेल्या असतात आणि लांब केबलवर लोडमधे लिंक पडती. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत. स्वस्तातली केबल आतनं अॅल्युमिनियमची, वर तांब्याचा मुलामा, ती वाकवली की तुटती. सर्व्हर ते स्विच एवढी तरी केबल अस्सल तांब्याची घ्या.

अदलाबदल एकावेळी एकच. आधी केबल बदला, दोन दिवस बघा. मग स्विचचा पोर्ट. मग स्विच. तिन्ही एकदम बदललं तर वॉर्निंग जाईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि ती खराब केबल ड्रॉवरमधे जाऊन सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनला लागंल.

तपासा: स्विचमधे एकाच केबलची दोन्ही टोकं लागलेली नाहीत ना? हसू नका. झाडलोट करताना लोंबणारं टोक दिसलं की कुणीतरी मोकळ्या पोर्टमधे घालतंच.

## टप्पा ६: आयपीचा गोंधळ, आणि तो नेटवाल्याचा राउटर

हा टप्पा सावकाश करा, कारण रोजच्या त्रासातला मोठा वाटा इथंच असतो.

टीसीपीआयपीचा ४१९९ म्हणजे एकाच आयपीवर दोन मशीन. मेसेजमधे समोरच्या मशीनचा मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर, दिलेला असतो, तो वहीत उतरवा आणि प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, बायोमेट्रिक हजेरीचं मशीन यांच्यामागच्या स्टिकरशी ताडून बघा. बहुतेक यातलंच एक सापडतं. कॅमेरेवाला येतो, १९२.१६८.१.५० मोकळा दिसला म्हणून हातानं घालून जातो, आणि तोच आयपी तुमच्या डीएचसीपीच्या (मशीनना आपोआप आयपी देणारी सर्व्हिस) वाटपात असतो. तेव्हा वाटपाची हद्द ठरवा: समजा १०० ते २०० डीएचसीपी वाटेल, २ ते ९९ हातानं द्यायचे. प्रिंटर, डीव्हीआर सगळे खालच्या भागात, आणि यादी कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतनं चिकटवा.

आता राउटर. फायबरचा डबा खराब झाला, नेटवाल्याचा पोरगा येऊन दुसरा बसवून गेला, नेट चालू झालं, सगळे खूश. पण नव्या डब्यात डीएचसीपी चालूच असतंय. आता सर्व्हर पण आयपी वाटतोय आणि डबा पण, ज्याचं उत्तर आधी पोचंल त्याचं पीसी ऐकतो. म्हणून पाच पीसीवर टॅली चालती, दोनवर 'सर्व्हर सापडत नाही', रिस्टार्ट केलं की कधी चालतं कधी नाही.

धरायचं कसं? ज्या पीसीवर त्रास आहे तिथं कमांड प्रॉम्प्टमधे आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल द्या आणि 'डीएचसीपी सर्व्हर' ही ओळ बघा. तिथं सर्व्हरच्या ऐवजी १९२.१६८.१.१ असलं काही म्हणजे राउटरचा पत्ता दिसला की चोर सापडला. राउटरच्या सेटिंगमधे जाऊन डीएचसीपी बंद करा, मग त्या पीसीवर आयपीकॉन्फिग स्लॅश रिलीज आणि आयपीकॉन्फिग स्लॅश रिन्यू द्या.

सावध: सर्व्हरवर डीएचसीपी रोल बसवलेलाच नसेल तर राउटरचं बंद करू नका. नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं ऑफिस बंद. आधी कोण वाटतंय ते ठरवा.

डीएचसीपीचा १०२० म्हणजे वाटपाचे पत्ते संपत आलेत. पीसी पंधराच असतात पण स्टाफचे, पाहुण्यांचे मोबाईल वायफायला लागलेले असतात आणि लीज, म्हणजे पत्ता दिल्याची मुदत, मुळात ८ दिवसांची असती, त्यामुळं एकदा येऊन गेलेल्या माणसाचा मोबाईल आठवडाभर पत्ता अडवून बसतो. मोबाईलला गेस्ट वायफाय वेगळं द्या. ते जमत नसेल तर लीज एक दिवसाची करा.

## टप्पा ७: डीएनएस

१०१४ ही वॉर्निंग आली की मेसेजमधलं नाव वाचा. बाहेरच्या कुठल्यातरी साईटचं नाव असेल आणि दिवसातनं एखाद-दुसऱ्या वेळी असेल तर नेट क्षणभर गेलं होतं, सोडून द्या. तुमच्या स्वतःच्या डोमेनचं नाव असेल तर मात्र काम आहे.

नव्वद टक्के चूक एकच, नव्वद म्हणजे आपलं बोलायची पद्धत: पीसीवर पहिला डीएनएस सर्व्हरचा आणि दुसरा ८.८.८.८. लोकांना वाटतं पहिला बंद पडला की दुसरा उपयोगी पडंल. पण एकदा पीसी दुसऱ्याकडं वळला की तिथंच विचारत बसतो, आणि त्या बाहेरच्या डीएनएसला तुमच्या ऑफिसातला सर्व्हर काय माहीत? डोमेनमधल्या पीसीला फक्त सर्व्हरचाच डीएनएस द्यायचा. बाहेरचे पत्ते सर्व्हरच्या डीएनएसमधे फॉरवर्डर म्हणून टाकायचे, म्हणजे सर्व्हरला माहीत नसलेलं नाव तो तिकडं विचारतो. सर्व्हरच्या स्वतःच्या कार्डवर पण बाहेरचा पत्ता नको.

तपासा: पीसीवरनं एनएसलुकअप देऊन सर्व्हरचं नाव विचारा. उत्तर सर्व्हरच्या आयपीवरनं आलं पाहिजे.

## टप्पा ८: घड्याळ

टाइम-सर्व्हिसचे ३६, ४७, १३४ असे आयडी लोक 'वेळच तर आहे' म्हणून सोडतात. डोमेनमधे पीसी आणि सर्व्हरच्या घड्याळात ५ मिनिटांच्या वर फरक पडला की केरबेरॉस (डोमेनमधे ओळख तपासणारी यंत्रणा) लॉगिन नाकारायला लागतं, मग पासवर्ड बरोबर असून आत जाता येत नाही.

इंटरनेटवरनं वेळ फक्त मुख्य सर्व्हरनं घ्यायची, बाकीचे पीसी डोमेनमधे असले की त्याच्याकडनं आपोआप घेतात, प्रत्येक पीसीवर वेगळा टाइम सर्व्हर घालायचा नाही. मुख्य सर्व्हरला एनपीएलचा (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा) टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी किंवा एनआयसीचे (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) समय१, समय२ डॉट एनआयसी डॉट इन द्या. वर सांगितलेल्या सर्ट-इनच्या निर्देशांत पण एनआयसी आणि एनपीएलचाच उल्लेख आहे. फायरवॉलमधे यूडीपी १२३ बाहेर जायला मोकळा हवा, ४७ येण्याचं कारण बहुतेक तेच.

रात्रभर लाईट गेली आणि सकाळी तारीख दहा-पंधरा वर्षं मागं गेली असं होत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. मीटरवर ३ व्होल्टच्या आसपास पाहिजे. प्लग लावलेला असेपर्यंत घड्याळ वीजेवर चालतं म्हणून इतर दिवशी पत्ता लागत नाही. सेल काढायच्या आधी बायोसच्या सेटिंगचे, खास करून रेडच्या पानाचे, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

## टप्पा ९: नापास लॉगिन

हे सिस्टीममधे नाही, सिक्युरिटी लॉगमधे ऑडिट फेल्युअर म्हणून असतंय, आयडी ४६२५. त्यातला सोर्स नेटवर्क अॅड्रेस वाचा. आतला आयपी असेल तर कुणीतरी पासवर्ड बदललाय आणि त्याच्या पीसीवर जुना पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमधे नाहीतर मॅप केलेल्या ड्राइव्हमधे बसलाय. तो काढून टाका.

बाहेरचा आयपी असेल तर चहा बाजूला ठेवा. घरनं टॅली बघता यावी म्हणून कुणीतरी राउटरवर ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट थेट उघडलाय आणि जगभरातनं कुणी कुणी पासवर्ड मारून बघतंय. पोर्ट आत्ता बंद करा, व्हीपीएन (बाहेरनं आत यायचा सुरक्षित रस्ता) लावेपर्यंत मालकांना घरनं टॅली नाही दिसली तरी चालंल. रिमोट डेस्कटॉपचा म्हणून नुसता लॉगॉन टाईप १० शोधत बसू नका, नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (स्क्रीन उघडायच्या आधीच पासवर्ड तपासणं) चालू असलं की रिमोट डेस्कटॉपचे नापास प्रयत्न टाईप ३ म्हणून पण येतात. पोर्ट नंबर ३३८९ चा ४४३९० केला म्हणजे सुरक्षित झालं, असं पण नाही.

बंद केल्यावर ४६२४ पण चाळा, म्हणजे यशस्वी लॉगिन. त्यात बाहेरचा आयपी सापडला तर नेटची केबल काढा आणि जाणकाराला बोलवा, तोवर मशीन फॉरमॅट करू नका, पुरावा त्यातच आहे.

## टप्पा १०: बदलानंतर

प्रत्येक बदलानंतर किमान एक आठवडा जाऊ द्या, त्यात एक सोमवार सकाळ आणि एकदा तरी लाईट जाणं आलं पाहिजे. मग परत सीएसव्ही काढा, परत पिव्होट, आणि पहिल्या आकड्याशी ताडून बघा. 'आता बरं वाटतंय' हे वहीत लिहायचं नाही, आकडा लिहायचा.

आकडा कमी झाला पण शून्य झाला नाही तर तोच दोष अर्धा राहिलाय की दुसराच कुठला आहे हे वेळेवरनं ठरवा, म्हणजे टप्पा २ परत. आकडा हललाच नाही तर केलेला बदल उलटा फिरवून मूळ जागी आणा आणि मगच पुढचा टप्पा. हे लोक करत नाहीत, एकावर एक बदल रचत जातात, आणि वर्षभरानं त्या सर्व्हरवर कशामुळं काय आहे हे बसवणाऱ्यालाच सांगता येत नाही.

बाहेरच्या माणसाला बोलवायची वेळ आली तर त्याला पिव्होटचा फोटो, वहीतली मागच्या महिन्याची पानं आणि ४१ आल्याच्या तारखा फोनवर आधी पाठवा. 'सर्व्हर स्लो आहे' एवढंच सांगितलं तर तो येऊन टेम्प फाईल काढून, रिस्टार्ट करून, व्हिजिट चार्ज घेऊन जाणार.